क्लीनिंग केल्यावर दात खराब झाले का? पेशंट नेहमी विचारतात ते प्रश्न

मी डेंटिस्ट आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं क्लिनिक आहे. दातांची सफाई, म्हणजे ज्याला आम्ही स्केलिंग म्हणतो आणि पेशंट "मशीन मारणं" म्हणतात, ती करून माणूस घरी गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, "मॅडम, गार पाण्याने चूळ भरता येईना, काल काही चुकलं तर नाही ना?" काही जण फोन पण करत नाहीत, मनात ठेवतात, शेजारणीला सांगतात आणि परत कधी येत नाहीत, मला काळजी या न येणाऱ्यांची जास्त वाटते. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय. तुमचा दात मी बघितलेला नाही, त्यामुळे हे वाचून स्वतःच निदान करू नका, पण काय नॉर्मल आहे आणि काय नाही एवढं नक्की कळेल.

क्लीनिंग झाल्यापासून गार लागलं की सणकन कळ जाते. मशीनने दात झिजले का?

बहुतेक वेळा नाही. दात हिरडीच्या वर दिसतो तिथे त्याच्यावर इनॅमल असतं, शरीरातला सगळ्यात कडक भाग तो, हाडापेक्षा कडक. पण हिरडी खाली सरकली असेल तर दाताचं मूळ उघडं पडतं आणि मुळावर इनॅमल नसतं. मुळाच्या आत बारीक बारीक नळ्या असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या, त्यात पाणी भरलेलं असतं आणि गार किंवा गोड काही लागलं की ते पाणी हलतं आणि आतल्या नसेला कळतं. आता इतकी वर्षं त्या उघड्या मुळावर किटणाचा, म्हणजे दातावर साचून दगड झालेल्या घाणीचा, जाड थर बसलेला होता. थंडीच्या पहाटे अंगावरची गोधडी कोणी ओढली की कसं होतं, तसं त्या मुळाचं झालंय. गारठा आधीपण होताच, गोधडी आत्ता गेली.

साध्या क्लीनिंगनंतर ही शिवशिव चार दिवसांत ते आठवड्याभरात कमी होते, कधी दोन आठवडे लागतात. हिरडीच्या आतून खोल सफाई केली असेल तर तीन-चार आठवडे पण जातात. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरा, पोटॅशियम नायट्रेटवाली चालेल, पण ती डोकेदुखीच्या गोळीसारखी अर्ध्या तासात काम करत नाही, तिला रोज दोन वेळा असे दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढी पेस्ट बोटावर घेऊन जिथे शिवशिवतंय तिथेच लावायची, जास्तीची थुंकायची आणि चूळ न भरता झोपायचं, याने पुष्कळ जणांना लवकर आराम पडतो. तरीही थांबलं नाही तर क्लिनिकमध्ये फ्लोराईडचं व्हार्निश लावून देतात, पाच मिनिटांचं काम आहे.

एक फरक लक्षात ठेवा. गार लागलं, कळ आली, घोट गिळला आणि गेली, हे सेन्सिटिव्हिटीचं लक्षण. गार लागून गेलं तरी दात मिनिटभर किंवा जास्त ठणकतच राहिला, किंवा काही न खाता-पिता रात्री झोपेतून उठवलं, तर तो प्रश्न बहुतेक नसेचा आहे, त्यासाठी दाखवायला जा.

दातांच्या मधे फटी पडल्यात, आधी नव्हत्या. जीभ सारखी तिथेच जाते.

याचं उत्तर मोठं आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो.

खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. दातावर जो रोजचा चिकट पांढरा थर बसतो तो नीट निघाला नाही तर एक-दोन दिवसांतच त्यात हे क्षार धरायला लागतात आणि मग त्याचा दगड होतो, बोअरच्या पाण्याने बादलीला आणि गिझरला थर धरतो ना, तसंच. तिथे एवढं साचतं की चार-पाच दातांच्या मागे एक सलग भिंत तयार होते आणि दोन दातांमधली जागा पण बुजून जाते. या भिंतीमुळे हिरडी सुजते, आतलं हाड हळूहळू खाली जातं, पण भिंत असल्यामुळे दिसत काहीच नाही. सफाई झाली की भिंत गेली, सूज उतरली, हिरडी आपल्या जागी बसली, आणि जी जागा हाड गेल्यामुळे कधीच रिकामी झालेली होती ती त्रिकोणी फट उघडी दिसायला लागली. ती फट मशीनने कापलेली नाही. मशीन दोन दातांच्या मधलं इनॅमल असं उडवूच शकत नाही.

पण मला पेशंटचा राग समजतो आणि त्याचं कारण घरातलं आहे. २००३ साली मी अकरावीत होते तेव्हा माझ्या आईने एका दवाखान्यात दात साफ करून घेतले. डॉक्टरांनी काम वाईट केलं असं मी आज म्हणणार नाही, पण करण्याआधी तिला एक शब्द सांगितला नाही की मावशी, किटण निघाल्यावर इथे जागा दिसेल. ती घरी आली, आरशासमोर उभी राहिली आणि खालच्या दातांतून जीभ फिरवत रडायलाच लागली, "चांगले भरलेले दात होते, पोकळ करून ठेवले." त्यानंतर सहा वर्षं तिने तोंड कोणाला दाखवलं नाही. मी बीडीएसच्या, म्हणजे डेंटिस्टच्या शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाला असताना तिला ओढून कॉलेजला नेलं, एक्सरे काढला तर खालच्या चार दातांना फक्त टोकापाशी हाड उरलं होतं. ते चारही एकेक करून गेले. पहिल्या सफाईनंतर ती नियमित गेली असती तर ते दात वाचायची खूप शक्यता होती. आजही मी कुणाला खुर्चीत बसवलं की आधी हातात आरसा देते, किटण दाखवते आणि सांगते की हे निघालं की इथे मोकळं वाटेल. दोन मिनिटं लागतात त्याला.

फटीचं करायचं काय? बऱ्याच फटी तशाच राहतात आणि तशा राहिल्या तरी चालतं, फक्त साफ ठेवायच्या. मेडिकलमध्ये इंटरडेंटल ब्रश मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशचं बारकं रूप, आपल्या फटीच्या मापाचा घ्यायचा आणि रोज एकदा फिरवायचा, दाबून कोंबायचा नाही. दिसायला फारच खटकत असेल तर दाताच्या रंगाच्या फिलिंगने काही फटी झाकता येतात, पण हिरडी पूर्ण बरी झाल्याशिवाय ते करू नये.

क्लीनिंग चालू असताना दाताचा टवका उडाला, माझ्या तोंडातून तुकडा पडला. तो दातच होता का?

तुकडा हातात असेल तर बघा. किटणाचा तुकडा पिवळट किंवा चॉकलेटी असतो, कधी काळपट हिरवा, पृष्ठभाग ओबडधोबड, नखाने दाबला की कडेचा चुरा होतो, आणि एक बाजू गुळगुळीत, आत वळलेली असते कारण ती दाताला चिकटून बसलेली होती, दाताचा ठसाच उठलेला असतो तिच्यावर. त्या गुळगुळीत बाजूमुळेच लोक घाबरतात. दाताचा खरा टवका काचेसारखा चमकतो, कडा धारदार असते, नखाने काही होत नाही त्याला. मी मोठा तुकडा निघाला की गॉजवर ठेवून पेशंटला दाखवते, एका आजोबांच्या खालच्या दातांमागून करंगळीच्या नखाएवढं सलग पापुद्रं निघालं होतं, ते कागदात बांधून घरी घेऊन गेले, नातवाला दाखवायला.

खरा टवका उडूच शकत नाही असं मात्र नाही. दाताला आधीच तडा असेल, कडेला कीड लागून इनॅमल आतून पोकळ झालं असेल, किंवा सुपारी फोडून फोडून दाढा तडकल्या असतील तर हत्यार लागून तो भाग तुटू शकतो. निरोगी दाताचा टवका स्केलरने, म्हणजे सफाईच्या मशीनने, उडणं फार अवघड आहे. जिभेला धार लागत असेल तर थांबू नका, परत जाऊन दाखवा, छोटा टवका घासून गुळगुळीत करता येतो, मोठा असेल तर फिलिंग.

आधी घट्ट असलेले दात आता हलतात.

वरच्या फटींच्या प्रश्नाचाच भाऊ आहे हा. किटणाच्या भिंतीने चार दात एकमेकांना बांधून ठेवले होते, सिमेंट ओतून खांब उभा ठेवल्यासारखे. भिंत गेली की कुठला दात किती हलतो ते खरं कळतं. हालचाल हाड गेल्यामुळे असते, आणि हाड खाणारं ते किटणच होतं.

चांगली गोष्ट अशी की सुजलेली हिरडी बरी होताना थोडी हालचाल कमी पण होते, म्हणून आम्ही चार ते सहा आठवड्यांनी परत बोलावतो आणि तेव्हा मोजतो. त्या तारखेला जा, ती तपासणी टाळू नका. तोवर पुढच्या दातांनी ऊस, कणीस, चिक्की तोडायची नाही, आणि बोटाने किंवा जिभेने हलवून हलवून बघायचं नाही, हे सांगूनही सगळे करतात.

ते मशीन नक्की करतं काय? आवाजावरून तर दात कोरतायत असंच वाटतं.

कोरायचं मशीन वेगळं, ते गोल फिरतं. स्केलरचं टोक फिरत नाही, ते थरथरतं, सेकंदाला साधारण पंचवीस हजार ते पन्नास हजार वेळा, आणि ही थरथर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी असते. या थरथरीने किटण दातापासून सुटतं. बरोबर पाण्याचा फवारा असतो, तो दोन कामं करतो, टोक गार ठेवतो आणि सुटलेला कचरा धुवून काढतो. तुम्हाला जो चरचर आवाज येतो तो टोक किटणावर आपटण्याचा असतो आणि दातातून आणि जबड्याच्या हाडातून थेट कानापर्यंत जातो म्हणून बाहेरच्यापेक्षा तुम्हाला जास्त मोठा वाटतो.

मग मशीनने नुकसान होऊच शकत नाही असं म्हणायचंय का?

नाही, होऊ शकतं. आपल्याच धंद्यातल्या लोकांना पाठीशी घालायला मी हे लिहीत नाहीये.

टोक दाताला आडवं, म्हणजे त्याची कूस दाताला लागेल असं धरायचं असतं. टोकाची अणी सरळ दातावर टोचून धरली आणि पॉवर फुल ठेवली तर ओरखडे पडतात, मुळावर जास्त, कारण मुळावरचं आवरण पातळ आणि मऊ असतं. पाणी बंद पडलं किंवा कमी आलं आणि तसंच चालवलं तर टोक तापतं आणि आतल्या नसेला चटका बसू शकतो. क्लीनिंगच्या वेळी एखाद्या दाताला गरम लागलं तर लगेच हात वर करा, सांगा, लाजायचं काही कारण नाही. झिजून वाकडं झालेलं टोक वापरणं हा अजून एक प्रकार. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेला कृत्रिम दात, असेल तर त्याच्यावर नेहमीचं स्टीलचं टोक चालवू नये, त्याला वेगळी टोकं आणि हत्यारं मिळतात, त्यामुळे इम्प्लांट असेल तर बसल्या बसल्या आधी तेच सांगायचं. पोर्सलीनच्या कॅपवर आणि दाताच्या रंगाच्या फिलिंगवर पण ओरखडे येतात. आणि ज्या दातावर खडूसारखा पांढरा डाग आहे, म्हणजे कीड नुकतीच धरायला लागलीय, तिथे इनॅमल आतून नरम असतं, तिथे जोर लावला तर ते खचू शकतं.

शेवटी मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. दहा मिनिटांत बत्तीस दात उरकून पुढचा पेशंट घेणारा दवाखाना असेल आणि तोंडात जुना थर असेल, तर तिथे सफाई अर्धी होते किंवा घाईत होते, दोन्ही वाईट.

सफाईनंतर माझं फिलिंग निघालं / कॅप सुटली.

निघालं म्हणजे ते आधीच सुटत आलेलं होतं. चांगलं बसलेलं फिलिंग या थरथरीने निघत नाही, कडेने कीड शिरलेलं निघतं. कॅपचं पण तसंच, आतलं सिमेंट विरघळलेलं असतं. कॅप सांभाळून डबीत ठेवा, घरी फेविक्विकने चिकटवू नका, हे मी खरंच बघितलंय.

हिरड्यातून रक्त येतंय. किती दिवस यायला पाहिजे?

एक-दोन दिवस ब्रश करताना थोडं, थुंकीत गुलाबी रंग एवढं. हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येतं, सूज उतरली की थांबतं. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचा बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक, मऊ ब्रशने हळू पण ब्रश करायचाच. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये एक प्रयोग झाला होता, बारा निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं, तर दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि परत घासायला लागल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या. म्हणजे हिरडी बिघडते लवकर आणि सुधारते पण लवकर, हाड गेलं तर मात्र ते परत येत नाही.

स्वच्छ कापड किंवा गॉज दाबून धरूनही अर्ध्या तासात रक्त थांबत नसेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

एवढे पैसे घालून दात पांढरे झालेच नाहीत. उलट पिवळेच दिसतायत.

क्लीनिंग वेगळं आणि ब्लीचिंग वेगळं. क्लीनिंगने वरचं किटण आणि डाग जातात, दाताचा स्वतःचा रंग बदलत नाही, आणि नैसर्गिक दात थोडा पिवळट असतोच. वय वाढतं तसा अजून होतो.

आमच्याकडे बऱ्याच बायका मिश्री लावतात, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. त्यांच्या दातांवरचा काळा थर निघाल्यावर खालून जे दिसतं त्याने त्या दचकतात, दाताच्या मानेपाशी, हिरडीला लागून, पाचरीसारखी खाच पडलेली असते. "मॅडम, तुम्ही खड्डा पाडला." तो खड्डा वर्षानुवर्षं बोटाने एकाच जागी घासून झालेला असतो, काळ्या थराखाली झाकलेला. अशा मावश्यांना मी खड्ड्याबद्दल बोलायच्या आधी गाल आणि ओठाच्या आत टॉर्च मारून बघते, कारण तंबाखूने जे पांढरे चट्टे पडतात त्यापुढे खड्डा काहीच नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, मिश्री अजून घरोघरी भाजली जाते आणि तिला कोणी व्यसन म्हणत पण नाही. मावश्यांनो, मनापासून सांगते, सोडा ती.

यवतमाळ, चंद्रपूरकडचे पेशंट असतील तर अजून एक. तिकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी चट्टे असतात. ते इनॅमलच्या आत असतात, सफाईने जात नाहीत, आणि किटण निघाल्यावर उलट जास्त उठून दिसतात.

सफाईनंतर औषधी माउथवॉश दिला असेल, क्लोरहेक्झिडीनवाला, तर तो सांगितले तेवढेच दिवस वापरा. दोन आठवड्यांच्या वर ओढलात तर त्यानेच तपकिरी डाग पडतात. आणि ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून घ्या, पेस्टबरोबर त्याचं जमत नाही.

सारखं सारखं क्लीनिंग केलं तर इनॅमल पातळ होईल ना? किती दिवसांनी करावं?

नीट केलेल्या स्केलिंगने इनॅमल असं झिजत जात नाही. पॉलिशिंगची पेस्ट थोडी खरखरीत असते, ती अगदी सूक्ष्म थर काढते, म्हणून जिथे डाग आहेत तिथेच पॉलिश करावं असं मानणारे पुष्कळ आहेत आणि मी पण त्यातलीच.

सहा महिने हा आकडा सगळ्यांना लागू नाही. हिरड्या चांगल्या, किटण कमी धरतं, तंबाखू नाही, अशा माणसाला वर्षातून एकदा पुरतं. हिरडीचा आजार झालेल्याला तीन-चार महिन्यांनी बोलवावं लागतं. माझी भाची अमेरिकेत आहे, तिकडे इन्शुरन्समध्ये वर्षाला दोन सफाया बसतात म्हणून सगळे सहा महिन्यांनी जातात, आणि सफाई डेंटिस्ट नाही तर हायजिनिस्ट करतात, ते तिकडे वेगळं शिक्षण आणि लायसन्स असलेलं काम आहे. ती विचारते मावशी, इकडे तासभर लावतात, तुमच्याकडे वीस मिनिटांत कसं होतं? प्रश्न बरोबर आहे तिचा. तुमच्या डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की माझ्या हिरडीची खोली मोजली का. बारीक खुणा असलेली काडी हिरडीच्या कडेने आत घालून मोजतात, तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार किंवा जास्त असेल तर नुसती वरवरची सफाई पुरत नाही.

ऑनलाइन मिळणारं किट घेऊन घरी केलं तर?

नको. हत्यार तेच दिसतं पण आरशात उलटं बघून स्वतःच्या मुळावर स्टीलचं टोक चालवणं म्हणजे हिरडी फाडून घेणं. वरचं किटण निघतं, खालचं तिथेच राहतं, वर चकचकीत दिसतं म्हणून माणूस निर्धास्त होतो. कोळशाची पावडर, लिंबू आणि सोडा, मीठ घासणं, यातलं काहीही दगड झालेलं किटण काढत नाही. लिंबाचं आम्ल मात्र इनॅमल नक्की विरघळवतं. बाजारात, यात्रेत पाल टाकून बसणारे लोक बाटलीतलं पाणी कापसाने लावून दोन मिनिटांत दात पांढरे करून देतात, त्यात आम्ल असतं. ते दात पुढे खडूसारखे होतात, आणि गेलेलं इनॅमल परत उगवत नाही.

शुगर आहे / रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे / दिवस गेलेत. करू का?

शुगरवाल्यांनी तर करावंच, हिरडीचा आजार आणि शुगर एकमेकांना वाढवतात, फक्त शुगर खूप चढलेली असेल तर आधी ती खाली आणून. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, ते ठरवतील. हृदयाचा व्हॉल्व बदललेला असेल तर आधी सांगायलाच पाहिजे, सफाईच्या आधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. पेसमेकर असेल तरी सांगा, अशा पेशंटसाठी काही प्रकारची मशीन टाळतात. प्रेग्नन्सीत सफाई सुरक्षित आहे, चौथा ते सहावा महिना बसायला सोयीचा. त्या काळात हिरड्या जास्त सुजतात त्यामुळे रक्त जास्त दिसेल, घाबरू नका.

घरी आल्यावर काय पाळायचं?

पहिला दिवस फार गरम, फार गार, तिखट टाळा. पॉलिश केलं असेल तर चहा, हळदीची भाजी, पान हे एक दिवस नको. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ, तीन दिवस. चिंच, कोकम सरबत, कैरी जरा लांब ठेवा, आंबट खाल्लंच तर लगेच घासायला जाऊ नका, पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश. तंबाखू आणि विडी तर नाहीच.

परत डॉक्टरकडे कधी धावायचं?

न थांबणारं रक्त, गालावर किंवा हिरडीवर सूज, पू, ताप, रात्रीचा ठणका, एकाच दाढेने चावताना जीव जाईल अशी कळ, धारदार कड, किंवा महिना झाला तरी तसंच शिवशिवतंय. यातलं काहीही असेल तर इंटरनेटवर शोधत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

मला खात्रीच आहे की डॉक्टरने दात बिघडवला. आता काय करू?

आधी त्याच डॉक्टरांकडे जा आणि शांतपणे म्हणा, मला दाखवून सांगा. सफाईच्या आधीचा एक्सरे किंवा फोटो असेल तर मागा, तो तुमचाच आहे. बहुतेक वेळा दोन फोटो शेजारी ठेवले की उलगडा होतो. समाधान नाही झालं तर दुसऱ्याला दाखवा, शक्यतो हिरड्यांच्या स्पेशालिस्टला, म्हणजे ज्यांनी बीडीएसनंतर पेरिओडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलंय. पैशांची अडचण असेल तर सरकारी डेंटल कॉलेज आहेत, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला, मुंबईत महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज पण आहे, गोव्यात बांबोळीला. कमी खर्चात तपासतात, वेळ जातो पण शिकणारी मुलं एकेक दात मोजून लिहितात, घाई नसते. खरंच हलगर्जी निघाली तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही. आणि ज्याने सफाई केली त्याच्याकडे नोंदणीच नसेल तर तो गुन्हाच आहे, १९४८ च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टपासून. भिंतीवर रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट लावलंय का बघायची सवय ठेवा.

सासूबाईंना एकदा त्रास झाला, आता त्या तयारच होत नाहीत. कसं समजावू?

समजावू नका, आधी ऐकून घ्या त्यांना काय झालं ते. मग नुसतं दाखवायला घेऊन या, सफाई त्या दिवशी नाही असं आधीच कबूल करून, आणि ते कबूल केलेलं पाळा. डॉक्टरांना सांगा की आधी आरशात दाखवा, एक्सरे समोर धरा. पुढच्या खेपेला फक्त खालचे सहा दात करा, कमी पॉवरवर, हवं तर बधीर करून. माझी आई दुसऱ्यांदा खुर्चीत बसली तेव्हा माझ्या सरांनी तिच्या हातात सक्शनची, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणारी, नळी दिली होती आणि सांगितलं होतं, "मावशी, नकोसं वाटलं की ही तोंडातून काढा, मी तिथेच थांबतो." तिने दोनदा काढली. ते दोन्ही वेळा थांबले. त्यानंतर तिने तोंड मिटलं नाही.